मामाची २०१७ ची वॅगनआर माझ्या नावावर घेतेय, लायसन्स नवीन. इन्शुरन्स स्वस्तात कसा काढू?

नवी_चाकं

नमस्कार मंडळी. माझं वय २२, पक्कं लायसन्स नुकतंच हातात आलंय. मामा नवीन गाडी घेतोय, त्यामुळे त्याची वॅगनआर (एक लिटरचं इंजिन, एमएच ११ पासिंग) मी विकत घेतेय. भाची म्हणून भाव कमी लावला, तरी साठवलेले बहुतेक पैसे त्यातच गेलेत. आता इन्शुरन्सचा प्रश्न आहे आणि घरात तीन माणसांची चार मतं.

मामा म्हणतो, "माझा ५० टक्के एनसीबी (क्लेम न केल्याबद्दलची सूट) आहे, तो तुला मिळेल, काळजीच नको." ओळखीचे एजंट म्हणतात, "ताई, तुमचं वय कमी, लायसन्स नवीन, लोडिंग (जादा प्रीमियम) लागणार, पण मी बघतो काय ते." त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर दोन कोटेशनं टाकलीत. एकात आयडीव्ही (गाडीची विम्यासाठी धरलेली किंमत) १ लाख ९० हजार, दुसऱ्यात १ लाख २५ हजार. दुसरं हजार-अकराशे रुपयांनी स्वस्त, आणि त्यांचा जोर त्यावरच आहे. बाबा म्हणतात, जुन्या गाडीला कशाला फुल इन्शुरन्स, नुसता थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीपुरता) काढ आणि मोकळी हो.

गाडी रोज पुण्याहून चाकणला कंपनीत न्यायची आहे, बरोबर दोन मैत्रिणी असतील. मामाने मध्यंतरी बाहेरून सीएनजी किट बसवून घेतलंय, ते आरसीवर चढलेलं आहे. रिव्हर्सला माझा हात अजून बसलेला नाही, त्यामुळे बंपर घासणार हे मी गृहीतच धरलंय. पैसे कुठे वाचवू आणि कुठे वाचवू नको, एवढं सांगा.

घाटातला_बारा

बाबांचं ऐका. माझी जुनी अल्टो कित्येक वर्षं थर्ड पार्टीवरच पळतेय. १००० सीसीच्या आतल्या गाडीला जून २०२२ च्या दरपत्रकाप्रमाणे २,०९४ रुपये, वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे अडीच हजारांच्या आत काम झालं. हा दर सरकारने ठरवलेला, सगळ्या कंपन्यांना एकच, त्यात एजंटला फिरवाफिरवी करायला जागाच नाही. बंपर घासला तर गल्लीतल्या पेंटरकडे जा.

पत्रा_आणि_पुट्टी

ताई, मी वर्कशॉपमध्ये क्लेमच्या टेबलावर बसतो. रोज लोकांच्या पॉलिस्या उलगडून बघणं हाच धंदा, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी ते लोडिंग. आपल्याकडे खासगी गाडीचा प्रीमियम मुख्यतः गाडीवर बसतो: किती सीसी, किती वर्षांची, कुठलं पासिंग, आयडीव्ही किती. परदेशात पोराचं वय ऐकून आकडा तिप्पट होतो म्हणतात, तसा प्रकार इथे नाही. थर्ड पार्टीत तर वयाचा प्रश्नच येत नाही. ओडीचे, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीच्या भागाचे, दर २००७ पासून कंपन्या स्वतः ठरवतात, त्यामुळे कोणी काही लावणारच नाही असं छातीठोक सांगत नाही. पण एजंटला म्हणा, कोटेशन फोडून द्या आणि लोडिंग कुठल्या ओळीत आहे तिथे बोट ठेवा. बहुतेक वेळा बोट हवेतच राहतं. तुमचं पासिंग साताऱ्याचं, म्हणजे झोन बी. पुणे-मुंबई पासिंग झोन ए मध्ये, तिथे ओडीचा मूळ दर थोडा चढा. हा फायदा तुम्हाला आयताच आहे.

आता मामांचा एनसीबी. तो गाडीचा नसतो, माणसाचा असतो. गाडी तुमच्या नावावर झाली की तुम्ही शून्यापासून सुरू. वारसाहक्काने गाडी आली तर गोष्ट वेगळी, विकत घेतलेल्या गाडीला ते लागू नाही. काही जण नव्या पॉलिसीत तसाच ५० टक्के लिहून टाकतात, पैसेही वाचतात, आणि क्लेम आला की कंपनी जुन्या कंपनीला पत्र टाकून खात्री करते. मग आमच्या टेबलापुढे बसून लोक एजंटला फोन लावत राहतात आणि पलीकडून कोणी उचलत नाही. त्या वाटेला जाऊ नका.

उलट मामांना सांगा, तुमच्या कंपनीकडून एनसीबीचं पत्र घ्या आणि नव्या गाडीला लावा. नव्या गाडीची ओडी समजा १५ हजार धरली, तर त्यांचे साडेसात हजार तिथेच वाचले. तुमच्या वॅगनआरची ओडी तीन हजारांच्या आसपास दिसतेय, तिच्यावर तोच ५० टक्के म्हणजे जेमतेम दीड हजार. मामांचा फायदा मोठा आहे. त्यातले दोन-तीन हजार गाडीच्या किमतीतून सोडा म्हणा. भाचीने मागितल्यावर मामा नाही म्हणणार नाहीत. तुमची खरी बचत या सगळ्या कोटेशनांत नाही, ती इथे आहे.

आयडीव्हीचं ते स्वस्त कोटेशन बाजूला ठेवा. गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला, तर हातात येते ती आयडीव्हीच. हजार रुपयांसाठी ६५ हजारांवर पाणी सोडायचं? पाच वर्षांपुढच्या गाडीची आयडीव्ही कंपनी आणि मालक मिळून ठरवतात, म्हणून एजंट ती खाली ओढतो आणि "स्वस्त" करून दाखवतो.

व्हॉलंटरी डिडक्टिबल म्हणजे "क्लेममधले पहिले इतके मी भरीन". यात सूट कशी मिळते बघा. जुन्या टॅरिफमध्ये २,५०० रुपये स्वतःच्या अंगावर घेतले की ओडीवर २० टक्के सूट, तीही जास्तीत जास्त ७५० रुपये. तीन हजारांवर ६०० वाचले. आता कंपन्यांचे आकडे थोडेफार इकडेतिकडे असतील, पण ज्याचा रिव्हर्सला हात बसलेला नाही त्याने हा सौदा करू नये. एआरएआय मान्यतेचं चोरीविरोधी यंत्र बसवलं तर अडीच टक्के, तुमच्या हिशोबात ७५ रुपये. त्यात चहा येईल, यंत्र नाही.

आणि तुमचा बंपर. समजा बंपरचा नवा भाग ६,००० रुपयांचा. प्लास्टिक आणि रबरावर सरसकट ५० टक्के घसारा, म्हणजे भाग वापरून जुना झाल्याची वजावट, कापतात, राहिले ३,०००. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीचं डिडक्टिबल १,००० रुपये, राहिले २,०००. मजुरीचं थोडं वर मिळेल. त्या बदल्यात वर्षभर क्लेम नसता तर पुढच्या वर्षी मिळणारा पहिला २० टक्के एनसीबी गेला, शिवाय सर्व्हेअर येईपर्यंत गाडी आमच्या आवारात धूळ खात उभी. झीरो डेप घेतलं की घसारा कापत नाहीत, पण एवढ्या जुन्या गाडीला सगळ्या कंपन्या ते देत नाहीत. दिलं तर दर नीट बघा. पत्र्यावरही पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के कापतात. म्हणून घासाघाशीला खिशातून रंग, आणि दार-मडगार्ड आत गेलं, चासी हलली तरच क्लेम. काचेचा क्लेम मात्र खुशाल टाका, तिला घसारा नाही.

तरीही घाटातल्या भाऊंशी माझं पटत नाही. त्यांची अल्टो ते एकटे चालवत असतील. तुमच्या गाडीत रोज दोन मैत्रिणी आहेत. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत खासगी गाडीत बसलेली माणसं धरलेली नसतात. पॅकेज पॉलिसीत, म्हणजे फुल इन्शुरन्समध्ये, ती येतात, विमा नियामक आयआरडीएने २००९ च्या परिपत्रकात ते स्पष्टच केलंय. बंपर राहू द्या, या एका कारणासाठी पॅकेज घ्या. आणि मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघाती कव्हर सक्तीचं आहे. तेवढ्या रकमेची अपघात पॉलिसी तुमच्याकडे आधीच असेल तर लिहून द्या, ते पैसे वाचतील.

सीएनजी किट आरसीवर आहे हे उत्तम, पण पॉलिसीवरही लागतं. थर्ड पार्टीत ६० रुपये वाढतात आणि ओडीत किटच्या किमतीवर थोडे. मामांच्या पॉलिसीत ते आहे का बघा. नसेल तर एजंटने "स्वस्त" कसं केलं तेही कळेल.

नवी_चाकं

बापरे, मनापासून धन्यवाद दादा. कोटेशन उघडून बघितलं. स्वस्त कोटेशनात सीएनजी नाहीच, इंधन नुसतं "पेट्रोल" लिहिलंय. महागात आहे. लोडिंगची ओळ दोन्हीकडे नाही.

एनसीबीचं मामाला सांगितलं तर तो म्हणाला, मग गाडी माझ्याच नावावर राहू दे, तू चालव, पॉलिसी मी भरतो. हे चालेल का?

आरटीओच्या_रांगेत

पॉलिसीच्या दृष्टीने, मालकाच्या परवानगीने वैध लायसन्सवाला कोणीही चालवू शकतो, त्यामुळे तुम्ही चालवताना ठोकली म्हणून क्लेम नाकारत नाहीत. पण यात दोन गोम आहेत. १५ लाखांचं मालक-चालक कव्हर मामांचं राहील, तुमचं नाही. आणि आरसीवर ज्याचं नाव त्याच्यावर जबाबदारी. गाडी विकलेली असली तरी नोंदणी ज्याच्या नावावर तोच मालक, असं सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये सांगितलंय. तुमच्या हातून काही घडलं तर कोर्टाची नोटीस मामांच्या दारात. शिवाय तो ५० टक्के एकाच वेळी दोन गाड्यांना लागत नाही. या गाडीवर ठेवला तर नवीवर नाही.

पैसे देऊन झालेत तर सरळ फॉर्म २९ आणि ३० भरा. मामांच्या पॉलिसीचे महिने शिल्लक असतील तर ती तुमच्या नावावर होते, फक्त उरलेल्या काळापुरता एनसीबीचा फरक भरावा लागतो. त्यासाठी व्यवहारापासून १४ दिवसांत कंपनीला कळवा. थर्ड पार्टी आपोआप तुमच्याकडे येतो, ओडी येत नाही. मधल्या काळात गाडी आपटली तर पॉलिसी एकाच्या नावावर आणि गाडी दुसऱ्याच्या, मग भांडत बसा.

पत्रा_आणि_पुट्टी

याला दुजोरा. आणि पावसाळ्यात पाणी भरलेल्या रस्त्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. त्यानंतर इंजिन गेलं तर साध्या पॅकेजमध्ये त्याचे पैसे मिळत नाहीत. ढकला, टो करा, किल्लीला हात नको. इंजिन प्रोटेक्ट हे जादा कव्हर तुमच्या गाडीला देतायत का विचारा, नाहीच दिलं तर हा नियम तरी पाळा.

नवी_चाकं

ठरलं. १ लाख ९० हजारवाली, सीएनजीसकट, माझ्या नावावर. मामाने किमतीतून अडीच हजार कमी केले, वर म्हणतो "मंचावरच्या त्या पत्रेवाल्याला माझा नंबर देऊ नकोस."

एक शेवटचं. धाकट्या भावाचं लर्निंग निघालंय. रविवारी त्याला हीच गाडी शिकायला दिली तर इन्शुरन्स लागू राहतो ना?

आरटीओच्या_रांगेत

राहतो, नियम पाळले तर. पुढे-मागे लाल रंगात "एल" हवा आणि शेजारच्या सीटवर पक्कं लायसन्सवालं माणूस, हँडब्रेकपर्यंत हात पोचेल असं. मागच्या सीटवरून सूचना देऊन भागत नाही. लायसन्स तुमच्याकडेही आहे, पण अजून तुमचाच रिव्हर्सला हात बसला नाही म्हणताय, तर शेजारी मामांना बसवा.