वीज पडल्यापासून टीव्हीचा सप्लाय बंद : फ्यूज बदलून लगेच चालू करावा का?

अहमदपूरकर :

नमस्कार. परवा संध्याकाळी वळवाच्या पावसात आमच्या घराजवळच्या बाभळीवर वीज पडली. तेव्हापासून आमच्या ३२ इंची एलईडी टीव्हीचा लाल दिवासुद्धा लागत नाही. त्या वेळी टीव्ही रिमोटने बंद केलेला होता, पण प्लग बोर्डातच होता. मागचे झाकण काढून पाहिले, तेव्हा सप्लाय बोर्डावरचा काचेचा फ्यूज आतून काळाकुट्ट झालेला आणि त्याच्या शेजारची निळी चकती मधोमध फुटलेली दिसली. तालुक्याच्या दुकानात 'वीज पडलेला टीव्ही दुरुस्त होत नाही, नवा घ्या' असे सांगितले. पेरणीच्या तोंडावर तो खर्च आम्हाला झेपणारा नाही आणि आई दिवसभर घरी एकटी असते. मी आयटीआयला वायरमनचा कोर्स केला आहे, मल्टिमीटर वापरता येतो, डागही देता येतो. फ्यूज आणि ती चकती बदलून प्लग लावला तर चालेल का?

करवीर :

नमस्कार. कृपया तसा प्लग लावू नका. फ्यूजची तार नुसती तुटलेली असती तर गोष्ट वेगळी होती. काच आतून काळी झाली आहे याचा अर्थ तार एका क्षणात वितळून उडाली, म्हणजेच पुढे कुठेतरी पूर्ण शॉर्ट झाला. तो शॉर्ट अजून तिथेच असेल तर नवा फ्यूजही तसाच उडेल. निळी चकती म्हणजे एमओव्ही. फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये बसवलेला हा भाग २३० व्होल्टला गप्प असतो आणि दाब फार वाढला की स्वतः वाहू लागून फ्यूज उडवतो. तो फुटला ही एका परीने चांगली खूण आहे, कारण त्याच्यामुळे पुष्कळदा पुढचे भाग वाचतात. मात्र ते वाचले आहेत असे मोजल्याशिवाय म्हणता येणार नाही.

हात लावण्यापूर्वी मोठ्या फिल्टर कपॅसिटरवरचे (चार्ज साठवणाऱ्या भागावरचे) डीसी व्होल्ट मोजा. चालू सप्लायमध्ये तिथे सुमारे ३२५ व्होल्ट असतात आणि पुढचा आयसी नुसताच बंद पडला असेल तर प्लग काढल्यावरही ते टिकून राहू शकतात. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून कपॅसिटर रिकामा करू नका. १ किलोओहम, १० वॅटचा रेझिस्टन्स इन्सुलेशन असलेल्या चिमट्यांनी काही सेकंद जोडा आणि पुन्हा मोजा.

त्यानंतर फुटलेला एमओव्ही काढून टाका आणि ब्रिजचे (एसीचे डीसी करणाऱ्या जोडणीचे) चारही डायोड मल्टिमीटरच्या डायोड मोडवर तपासा. एका दिशेने ०.५ व्होल्टच्या आसपास आकडा यावा, उलट दिशेने येऊ नये. मग मॉस्फेटच्या, म्हणजे सप्लाय वेगाने चालू-बंद करणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या, ड्रेन आणि सोर्स या पायांमध्ये शॉर्ट आहे का ते पाहा. मॉस्फेट सहसा एकटा जात नाही. गेटचा (त्याच्या तिसऱ्या पायाचा) रेझिस्टन्स, सोर्सखालचा एक ओहमपेक्षाही कमी किमतीचा रेझिस्टन्स आणि मॉस्फेटला चालवणारा पीडब्ल्यूएम आयसी हे न तपासता नवा मॉस्फेट बसवला की तोही पहिल्याच क्षणी उडतो. ही चूक मी शिकाऊ असताना अनेकदा केली आहे, म्हणून इतके आग्रहाने लिहितो.

भाग बदलून झाले की १०० वॅटचा साधा तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावून मगच सप्लाय द्या. बल्ब क्षणभर उजळून विझला किंवा मंद झाला तर मोठा शॉर्ट उरलेला नाही. पूर्ण प्रकाशाने जळत राहिला तर ताबडतोब बंद करा. फ्यूजच्या जागी तार मात्र कधीही लावू नका. जुन्या फ्यूजच्या टोपीवर टी३.१५ए (सावकाश उडणारा, ३.१५ अँपिअरचा) असे काही छापलेले असेल, त्याच रेटिंगचा घ्या.

रत्नदुर्ग :

करवीर यांचे म्हणणे योग्य आहे, पण वीज फक्त विजेच्या तारेतूनच आली असे धरून चालू नका. आपल्याकडे डिश आहे का? बहुतेक टीव्हींना दोन पिनांचा प्लग असतो, त्यामुळे त्यांना अर्थिंग मिळत नाही. मग मेन लाइनमधून आलेला झटका सप्लाय ओलांडून सेटटॉप बॉक्समार्गे गच्चीवरच्या लोखंडी डिशकडे वाट शोधतो, किंवा उलट दिशेने येतो. कोकणात परतीच्या पावसाच्या दिवसांत मी असे टीव्ही बरेच पाहिले. सप्लाय दुरुस्त होतो, पण एचडीएमआय गेलेले असते.

त्यासाठी बोर्डाच्या हॉट (मेन लाइनला जोडलेली) आणि कोल्ड (तिच्यापासून वेगळी) बाजूंना जोडणारा लहान निळा कपॅसिटर आणि त्याच्याखालची जागा नीट पाहा. तिथे काळा माग दिसला तर तो कपॅसिटर बदला, मात्र वाय१ (सुरक्षेसाठीचा खास दर्जा) असे छापलेलाच बसवा. साधा कपॅसिटर बसवला आणि तो शॉर्ट झाला तर टीव्हीच्या धातूच्या भागांवर थेट करंट येईल, आणि त्या टीव्हीला तुमची आई हात लावणार आहे.

अहमदपूरकर :

आपणा दोघांचे मनापासून आभार. ब्रिजचे दोन डायोड शॉर्ट निघाले, मॉस्फेट शाबूत होता. चारही डायोड, एमओव्ही आणि फ्यूज बदलले. वाय कपॅसिटरखाली माग नव्हता. सिरीज बल्ब एकदा उजळून विझला, स्टँडबायला ५.१ व्होल्ट आले, तेव्हा थेट सप्लाय देऊन टीव्ही लावला आणि चित्र आले. सेटटॉप बॉक्स पहिल्या एचडीएमआयवर चालत नाही, दुसऱ्यावर चालतो. हे रत्नदुर्ग यांनी सांगितल्याप्रमाणेच झाले. यापुढे काय काळजी घ्यावी?

करवीर :

फार आनंद झाला. पहिले एचडीएमआय आता तसेच राहू द्या, त्यासाठी टीव्हीच्या मेन बोर्डाला हात घालण्यात अर्थ नाही. घराचे अर्थिंग तपासून घ्या, कारण ते चांगले नसेल तर घराच्या मेन स्विचबोर्डात बसवलेला टाइप २ सर्ज प्रोटेक्टरही (जादा दाब अर्थिंगकडे वळवणारे साधन) उपयोगी पडत नाही, आणि जवळच वीज कोसळली तर त्याच्यावरही विसंबू नये. आभाळ भरून आले की गडगडाट सुरू होण्याच्या आधीच प्लग आणि डिशची केबल दोन्ही काढून ठेवावीत. नुसते बटण बंद करून भागत नाही, कारण भिंतीवरचे बटण बहुधा फक्त फेज तोडते, न्यूट्रलची तार जोडलेलीच राहते. विजा चमकायला लागल्यावर मात्र केबलला हात लावू नका, हे आईंनाही सांगून ठेवा.