मुंढव्याचं पाणी: हिशेब फिटला, पण कुणाचा?

बागायतदार_हवेली
पाणीकपातीच्या धाग्यावर काल एकानं लिहिलं, "पुणं खडकवासल्यातून पाणी घेतं आणि शुद्ध करून शेतीला परत देतं. हिशेब फिटला, शेतकऱ्यांनी आता कुरकुर थांबवावी." रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहितोय.

करार महापालिका आणि जलसंपदा खात्याचा. तेव्हा ठरलं ते असं: शहराला धरणातून ११.५ टीएमसी (अब्ज घनफूट), बदल्यात ६.५ टीएमसी सांडपाणी प्रक्रिया करून मुंढव्याच्या जॅकवेलमधून, म्हणजे पाणी उपसायच्या विहिरीतून, शेतीच्या बेबी कालव्यात. सह्या दोन्ही सरकारी. ज्याच्या वावरात ते पाणी येणार, त्याला कुणी विचारलं? दरवर्षी वाद होतो तो किती टीएमसी सोडलं यावर. कसलं सोडलं यावर बैठक बसलेली मी पाहिली नाही.

माझं चार एकर. हौसेनं ठिबक केलं. कालव्याचं पाणी घेतलं की सँड फिल्टर दिवसातून दोनदा उलटा धुवावा लागतो. जाळीवर काळा, बुळबुळीत थर. लॅटरलचं, म्हणजे ठिबकच्या नळीचं, टोक सोडलं की आधी गाळाची गुठळी पडते, मग पाणी. हे मुंढव्यातूनच येतं की वाटेत मिसळतं, ते मला ठाऊक नाही. दोन हंगाम झगडलो, मग नळ्या गुंडाळून पाटानं ऊस लावला.

कोथरूडकर
दादा, ते मीच लिहिलं होतं. सांडपाणी कालव्यात घेतलं नाही तर नदीतून उजनीत जाणार, आणि उजनीचं पाणी सोलापूर पितं. ते बरं का? आणि ऊस नळ्या तुंबल्या म्हणून नाही, कारखाना आहे म्हणून लावता.

बागायतदार_हवेली
कारखाना आहे म्हणूनच लावतो. हमीचा पैसा तेवढाच आहे. याच कालव्यावर शेजारी कोथिंबीर करतो, ती मार्केट यार्डातून तुमच्या पोह्यांवर येते. कच्ची. माझा ऊस निदान उकळला तरी जातो.

बाणेरची_ताई
कालव्याचं राहू द्या, आधी सोसायट्यांचे एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचे प्लांट, बघा! आमच्याकडे २२० फ्लॅट. वीजबिल वाचवायला रात्री ब्लोअर, म्हणजे टाकीत हवा सोडणारं यंत्र, बंद. फ्लशच्या पाण्याला इतका वास, की लोकांनी प्लंबर बोलावून फ्लशला चांगल्या पाण्याची लाइन जोडून घेतली. आता उन्हाळ्यात रोज टँकर.

कोथरूडकर
ब्लोअर बंद केला की जिवाणू मरतात, पुन्हा जम बसायला आठवडे लागतात. कमिटीत कुणालाच कळत नाही?

बाणेरची_ताई
मी कमिटीतच आहे. मेंटेनन्स दोनशेनं वाढवू म्हटलं तर सभेत माझ्यावर ओरडले. तुम्ही भरा आणि मग शिकवा.

माजी_सेक्रेटरी
ताई, दोनशे जास्तच होतात. आमच्याकडे ऑपरेटर नीट ठेवला, साठात भागलं.

बाणेरची_ताई
तुमचा प्लांट किती जुना? आमच्याकडे पंप दोनदा जळला, बिल्डर फोन उचलत नाही. साठात भागतं म्हणणाऱ्यानं एक महिना आमची टाकी उपसून दाखवावी.

बागायतदार_हवेली
टाकीचं भांडण वेगळ्या धाग्यावर न्या, हात जोडतो.

नागपूरचा_पोट्टा
भाऊ, आमच्याकडं २००८ मध्ये मनपा अन् महानिर्मिती या सरकारी वीज कंपनीचा करार झाला. भांडेवाडीचं सांडपाणी शुद्ध होऊन कोराडीच्या वीज केंद्रात जाते. घेणारा पैसे मोजते, अन् कूलिंगला घाण पाणी चालतच नाही, म्हणून प्रत तपासावीच लागते. २०१६ च्या वीजदर धोरणानं तर शुद्धीकरण केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्रांना असं पाणी वापरणं बंधनकारकच केलं. तुमच्याकडं ज्याचं शेत आहे, त्याला घाण पाणी नाकारायची सोयच नाही. फरक तिथं आहे.

कोथरूडकर
नागपूरचा मुद्दा पटला, नाइलाजानं का होईना. ६.५ टीएमसी म्हणजे रोजचे ५० कोटी लिटर, तेवढं सोडलंच पाहिजे यावर मी ठाम आहे. उसाबद्दलही मत बदललेलं नाही. पण "हिशेब फिटला" घाईत लिहिलं. जॅकवेलवर रोजचा बीओडी, म्हणजे पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप, फलकावर लावा, त्या मागणीवर मी सही करतो.

बागायतदार_हवेली
फलक मुंढव्यात नको, आमच्या चारीच्या तोंडाशी लावा. मधल्या वाटेत काय मिसळतं ते तिथंच कळेल. सहीला उरुळीला या, फिल्टर उघडून दाखवतो.