सासूबाईंच्या परसातील झाडे घरातल्या रोजच्या वापरात कशी आणावीत?

परसदार_फोंडा यांची विचारणा

नमस्कार. गेल्या चतुर्थीपासून आम्ही फोंडा तालुक्यातील सासरच्या जुन्या घरी कायमचे राहायला आलो आहोत. घरामागे परस आहे आणि त्याच्या खालच्या उतरणीवर पोफळींचे लहानसे कुळागर आहे. माझ्या सासूबाई हे सारे एकट्याने सांभाळत असत. घरात कोणाला खोकला झाला, पोट बिघडले किंवा अंगावर पित्त उठले, की त्या आधी मागच्या दारी जात आणि मग चुलीपाशी येत. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या आणि कोणते झाड कशासाठी लावले होते, हे सांगणारे घरात कोणी उरले नाही.

तुळस, गवती चहा, पानओवा, अडुळसा, कोरफड, हळद, शेवगा आणि भिरंडाची, म्हणजे कोकमाची, दोन झाडे एवढे मला नक्की ओळखता येते. आंब्यावर चढलेली एक वेल गुळवेल असावी, असे शेजारी सांगतात. न्हाणीचे पाणी जिथून वाहते तिथे जमिनीलगत पसरलेली, गोलसर आणि देठाशी खाच असलेल्या पानांची एक वनस्पती आहे. तिला कोणी ब्राह्मी म्हणतात, कोणी एकपानी.

आमच्या घरात सात महिन्यांचे बाळ आहे आणि ७२ वर्षांचे सासरे आहेत, ज्यांना रक्तदाबाची व रक्त पातळ ठेवण्याची अशा दोन्ही गोळ्या रोज चालू आहेत. बाळाला सर्दी झाली तेव्हा पानओव्याचा रस मधातून चाटवावा आणि मोठ्यांनी रोज सकाळी गुळवेलीचा काढा घ्यावा, असा सल्ला मला आपुलकीने मिळाला आहे. तो देणाऱ्यांविषयी माझ्या मनात आदरच आहे, पण हात पुढे होत नाही. यांतील काय रोज वापरण्यासारखे आहे, काय प्रसंगापुरते ठेवावे आणि कशाला मुळीच हात लावू नये, हे अनुभवी मंडळींनी सांगावे, ही विनंती.

सत्तरीच्या_बाई यांचे उत्तर

मी वैद्य नाही. छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले आणि तेवढीच वर्षे परस राखले, त्या अधिकारात जे सांगता येईल तेवढेच सांगते.

भिरंडापासून सुरुवात करा, कारण त्याचा हंगाम आत्ता आहे आणि पहिला मोठा पाऊस पडला की ते हातचे जाते. पूर्ण पिकलेले, जांभळट लाल झालेले फळ घेऊन त्याचे दोन भाग करावेत, आतील गर व बिया मीठ घालून वेगळ्या भांड्यात ठेवाव्यात आणि साली कडक उन्हात पसराव्यात. संध्याकाळी त्या साली गराला सुटलेल्या रसात बुडवून काढाव्यात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उन्हात टाकाव्यात. असे पाच-सहा दिवस केले, की साल काळसर, मऊ आणि किंचित चिकट होते. हीच आपली सोले, जिला घाटावर आमसुले म्हणतात. तुमच्या सासऱ्यांना रक्तदाब आहे, म्हणून एक वाटा मिठाशिवाय नुसत्या उन्हात वाळवून वेगळ्या बरणीत ठेवा आणि बरणीवर तसे लिहून ठेवा. सोलांची कढी औषधासारखी प्यायली जाते खरी, पण त्या सोलांतून पोटात किती मीठ जाते, याचा विचार आपण सहसा करीत नाही.

बिया टाकू नका. त्या धुऊन, वाळवून, टरफल काढून कुटायच्या आणि पाण्यात बराच वेळ उकळायच्या. वर जे तेल तरंगते ते गार झाल्यावर मेणासारखे घट्ट होते. ते काढून हाताने त्याचे लांबट गोळे वळायचे. हे भिरंडेल. माझी आई थंडीच्या दिवसांत रात्री लोखंडी पळी निखाऱ्यावर धरीत असे, गोळ्याचे टोक त्या पळीला टेकवीत असे आणि वितळून आलेले चार थेंब बाबांच्या टाचांच्या भेगांत भरीत असे. शेतातून आलेल्या माणसाला त्याहून मोठा दिलासा मी पाहिलेला नाही. आजही मी ओठ फुटले तर तेच लावते.

दुसरे असे, की आपल्याकडचे निम्मे औषध भाजीच्या रूपाने पानात येत असे. पहिल्या पावसानंतर उगवणारा कोवळा तायखिळा, म्हणजे टाकळा, आम्ही फणसाच्या बिया घालून करतो. तेऱ्याची, म्हणजे रानअळूची, भाजी आंबाड्यांशिवाय होत नाही, कारण आंबट घातल्याशिवाय तेरे घशाला खाजवते. गोकुळाष्टमीला शेवग्याच्या पाल्याची भाजी होते. यांपैकी एकही भाजी वर्षभर रोज खाल्ली जात नसे. ऋतू आला की चार-सहा वेळा खायची आणि ऋतू सरला की सोडून द्यायची. मला वाटते, परसातील पाल्याचा वापर करण्याची सर्वांत निर्धोक रीत हीच आहे. रोज सकाळी अनशापोटी कडू काढा घेण्याचा जो प्रघात गेल्या काही वर्षांत पडला आहे, तो माझ्या आईच्या किंवा आजीच्या घरात मी कधी पाहिला नव्हता. काढा होत असे तो आजारी माणसासाठी, आणि तोही तीन-चार दिवसांपुरता.

वैद्य_म्हापसा यांचे उत्तर

बाईंनी आहाराचे जे सांगितले आहे, त्याला माझी पूर्ण संमती आहे. मी तुमच्या घरातील माणसांच्या क्रमाने उत्तर देतो.

सर्वांत आधी बाळ. एक वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळाला मध अजिबात देऊ नये, चाटणापुरताही नाही. मधात कधीकधी अशा जिवाणूंचे बीजाणू असतात, जे मोठ्या माणसाच्या आतड्यात निरुपद्रवी ठरतात, पण तान्ह्या मुलाच्या आतड्यात वाढून विष तयार करतात आणि त्याने स्नायू लुळे पडू शकतात. मध उकळला म्हणून हे बीजाणू मरत नाहीत. पानओव्याचा रसही इतक्या लहान मुलाला देऊ नका. त्याचा तिखट वास ज्या द्रव्यांमुळे येतो ती कोवळ्या घशाला व पोटाला झोंबतात. कापूर बाळाच्या उशाशी ठेवू नका आणि छातीवर चोळू नका, कारण तो लहान मुलांना विषारी ठरू शकतो. सर्दी असेल तर अंगावरचे दूध चालू ठेवावे व नाक मोकळे ठेवावे. श्वास जोरात चालत असेल, छाती आत ओढली जात असेल किंवा बाळ दूध ओढत नसेल, तर घरी वेळ न घालवता दवाखाना गाठावा.

आता सासरे. बाजारात मिळणाऱ्या आणि घरी केल्या जाणाऱ्या अनेक काढ्यांत ज्येष्ठमध असतो. ज्येष्ठमध काही दिवस सातत्याने पोटात गेला तर शरीरात मीठ व पाणी साठते, पोटॅशियम कमी होते आणि रक्तदाब वाढतो. गोळी चालू असूनही रक्तदाब का उतरत नाही, याचे कारण कधीकधी या काढ्यात सापडते. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या एकाच जातीच्या नसतात, म्हणून त्यांची नेमकी गोळी कोणती ते पाहा. ती वॉरफॅरिन असेल, तर शेवग्याच्या पाल्यासारख्या हिरव्या भाज्या एखाद्या आठवड्यात भरपूर आणि पुढच्या आठवड्यात मुळीच नाहीत, असे करू नये, कारण त्यांतील के जीवनसत्त्वामुळे गोळीचा परिणाम कमी-जास्त होतो. स्वयंपाकातील हळद व लसूण चालू राहू द्यावी. हळदीच्या गोळ्या, लसणीचे अर्क आणि रोजचा पेलाभर काढा त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये.

गुळवेलीविषयी थोडे सविस्तर लिहितो. ती आमच्या शास्त्रातील मोलाची वनस्पती आहे आणि मी स्वतः ती रुग्णांना देतो. परंतु कोरोनाच्या काळात ती घरोघरी रोज घेतली जाऊ लागल्यानंतर, २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी ती घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर हरकत घेतली आणि गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या जातीशी गल्लत होऊ शकते, याकडे लक्ष वेधले. या वादात कोणती बाजू घ्यावी, हा प्रश्न तुमच्यापुरता गौण आहे. ‘शेजारी सांगतात’ एवढ्या ओळखीवर कोणतीही वेल रोज पोटात जाऊ नये, हे दोन्ही बाजूंना मान्य होईल.

अडुळशाचा उपयोग कफ सुटण्यासाठी होतो. त्यातील वासिसिन या द्रव्यावरूनच पुढे ब्रोमहेक्सिन हे खोकल्याचे औषध तयार झाले. परंतु तोच अडुळसा गर्भाशयाचे आकुंचन करतो, म्हणून गर्भवतीने तो घेऊ नये. कोरफडीचे पान कापल्यावर जो पिवळा कडू चीक गळतो तो जहाल रेचक आहे. पान उभे ठेवून तो पूर्ण निथळू द्यावा आणि आतील पारदर्शक गर धुऊन भाजल्या जागेवर किंवा केसांना लावावा. पोटात घेण्याची गरज नाही.

रोजच्यासाठी काय, असे तुम्ही विचारले आहे. मोठ्यांसाठी गवती चहाची दोन पाती किंवा तुळशीची चार पाने पुरेत. ती खळखळ उकळू नयेत. गॅस बंद केल्यावर पाण्यात टाकून पाच मिनिटे झाकण ठेवावे. ज्या सुगंधी तेलासाठी आपण ती घालतो, ते उघड्या भांड्यात उकळल्यास वाफेबरोबर निघून जाते. मुळे आणि साली यांचा काढा करताना मात्र उकळावे लागते, आणि तो प्रांत घरगुती वापराचा नव्हे.

बाईंनी पित्ताचा विषय काढला नाही, पण तुम्ही काढला आहे, म्हणून सांगतो. अंगावर गांधी उठल्यास सोलांचे पाणी लावावे, थोडे प्यावे. मात्र ओठ, जीभ किंवा डोळ्यांभोवती सूज आली, आवाज बसला किंवा धाप लागली, तर सोले बाजूला ठेवून १०८ क्रमांकाला फोन करावा.

डिचोलीकर यांचे उत्तर

सालींचा विषय निघाला आहे, म्हणून एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते.

आमच्या घरी नरकचतुर्दशीच्या पहाटे कारीट फोडल्यानंतर सातविणीच्या सालीचा कडू रस घोटभर घेण्याची चाल आहे. सहा-सात वर्षांपूर्वी माझे वडील अंथरुणाला खिळलेले असताना साल आणण्याचे काम माझ्यावर आले. मी अंधारात विजेरी घेऊन गेलो, ओळखीचा वाटणाऱ्या झाडावर कोयता मारला आणि साल घेऊन आलो. आमच्या थोरल्या काकीने ती हातात घेतली, नखाने खरवडली आणि विचारले, “चीक कुठे आहे?” साल कोरडी होती. सकाळी उजेडात जाऊन पाहिले तेव्हा ते झाड काजऱ्याचे, म्हणजे कुचल्याचे, निघाले. काजऱ्यात स्ट्रिकनीन हे विष असते आणि त्याचा थोडासा अंशही माणसाला झटके आणून ठार करू शकतो. त्या पहाटे काकी जागी नसती तर काय झाले असते, हा विचार आजही माझी झोप उडवतो.

सातविणीची पाने एका पेराभोवती चक्राकार, बहुधा सातच्या आसपास येतात आणि कोठेही खरचटले तरी पांढरा चीक येतो. काजऱ्याची पाने समोरासमोर जोडीने येतात, पानाच्या बुडापासून तीन ते पाच ठळक शिरा निघतात, चीक येत नाही, आणि फळ नारिंगी, दिसायला मोहक असते. तुमच्या कुळागराच्या कडेला ही दोन्ही झाडे असण्याची शक्यता आहे. साल, मूळ आणि बी यांना तुम्ही हात लावू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

परसदार_फोंडा

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिलेत, त्याबद्दल मी ऋणी आहे. बाळाला मध दिला जाणार नाही, हे मी काल संध्याकाळीच घरात सर्वांसमोर सांगितले, आणि सल्ला देणाऱ्या शेजारच्या काकूंनाही कारण समजावून सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले. सासऱ्यांच्या गोळीच्या पाकिटावर वॉरफॅरिन असेच लिहिलेले आहे. आजपासून भिरंडाच्या साली दोन वेगळ्या सुपांत वाळत घातल्या आहेत, मिठाच्या आणि बिनमिठाच्या.

दोन शंका उरल्या आहेत. न्हाणीच्या पाण्यावर वाढलेली ती वनस्पती चटणीसाठी घ्यावी का? आणि आंब्यावरच्या वेलीचे खोड मी आज जवळून पाहिले. वरची पातळ साल कागदासारखी सुटते आणि आत हिरवे दिसते, पण जुन्या खोडावर बारीक बारीक फोड आल्यासारख्या गाठीही आहेत. ती गुळवेलच म्हणावी का?

वैद्य_म्हापसा

तुमच्या वर्णनावरून न्हाणीजवळची वनस्पती मंडूकपर्णी, म्हणजे आपल्याकडची एकपानी वाटते. ब्राह्मी हे नाव तिला आणि बारीक मांसल पानांच्या नीरब्राह्मीला, दोघींनाही लावले जाते. त्या वेगळ्या आहेत. साबणाच्या व सांडपाण्यावर वाढलेला पाला मात्र खाण्यात घेऊ नये. तिचे दोन-तीन धुमारे मुळांसह काढून स्वच्छ मातीच्या कुंडीत लावा, ओळख पक्की करून घ्या आणि नव्याने फुटलेली पाने महिन्या-दोन महिन्यांनी वापरा.

वेलीचा निर्णय वर्णनावरून किंवा छायाचित्रावरून मी देणार नाही. सुटणारी साल गुळवेलीकडे बोट दाखवते, पण गाठी दोन्ही जातींच्या जुन्या खोडांवर कमी-अधिक दिसतात. वीतभर खोड आणि दोन-तीन पूर्ण पाने घेऊन ये-जा करताना मला दाखवा, किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात न्या.

परसदार_फोंडा

येत्या शुक्रवारी यजमान म्हापशाच्या बाजाराला येणार आहेत. त्यांच्याबरोबर वीतभर वेल आणि पाने ओल्या फडक्यात गुंडाळून पाठवते. एकपानीचे तीन धुमारे आत्ताच तुळशीवृंदावनाजवळच्या कुंडीत लावले.