सोमाली मुलांना वयाप्रमाणे वर्ग द्यायचा की शिकल्याप्रमाणे?

पाटीपेन्सिल

अमेरिकेत, मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिसच्या एका सरकारी शाळेत मी वर्गात मदतनीस म्हणून काम करते. इंग्रजी नव्याने शिकणारी मुलं माझ्याकडे असतात आणि त्यातली बरीच सोमाली. गेल्या महिन्यात नववीत एक मुलगा आला. त्याला हसन म्हणू (खरं नाव सांगत नाही). कागदावर वय पंधरा, जन्मतारीख १ जानेवारी. आपल्याकडे आजोबांच्या पिढीत निम्मी माणसं १ जूनला जन्मलेली असायची, तसं इथे १ जानेवारीचं आहे. निर्वासितांचे कागद करताना तारीख माहीत नसली की हीच लिहितात. म्हणजे पंधरा हे वयही अंदाजेच. पण त्या अंदाजावर त्याची इयत्ता ठरली.

हसनचा जन्म केनियातल्या दादाबच्या निर्वासित छावण्यांतला. १९९१ मध्ये सोमालियातलं हुकूमशहा सियाद बारेचं सरकार कोसळलं, यादवी पेटली आणि लोक सीमा ओलांडून तिथे आले. इफो, डागाहाले आणि हागाडेरा या तीन छावण्या ९० हजार माणसांसाठी आखलेल्या होत्या. २०११ च्या दुष्काळात तिथे चार लाखांहून अधिक लोक होते. अशा ठिकाणी शाळा असते, पण ती सलग मिळेलच असं नाही. हसनची सगळी मिळून अडीच वर्षं झाली असतील.

त्याला आता जीवशास्त्राच्या तासाला पेशीविभाजन ऐकावं लागतं. मिनेसोटात शाळा पास व्हायला साडेएकवीस क्रेडिट लागतात. ती चार वर्षांत झाली नाहीत, तर शाळेच्या आकड्यांत तो 'वेळेत पास न झालेला' म्हणून मोजला जाणार. पोहायला न शिकवता विहिरीत ढकलायचं आणि वर काठावर घड्याळ घेऊन उभं राहायचं, असा हा प्रकार आहे.

माझं मत: अशा मुलांना निदान पहिलं वर्ष, जमलं तर दोन, वेगळं शिकवावं. अक्षरं, संख्या आणि शाळेत कसं वागायचं असतं एवढंच. मग नववी. तुम्हाला काय वाटतं?

उणे_तीस

ताई, तळमळ कळते, पण 'वेगळं' हा शब्द वाचला की मला धडकी भरते. मी ईडन प्रेरीत, मिनियापोलिसच्या उपनगरात राहतो, २००८ पासून. इथे काही प्राथमिक शाळांत गरीब घरची मुलं, त्यात सोमाली बरीच, एकवटली होती आणि बाकीच्या शाळा सुखवस्तू. डिसेंबर २०१० मध्ये शाळा मंडळाने हद्दी बदलून मुलं वाटून टाकायचं ठरवलं. केवढा गदारोळ! मंडळाच्या बैठका रात्री उशिरापर्यंत चालायच्या. पुढच्याच वर्षी सुपरिंटेंडंट बाई पद सोडून गेल्या आणि काही पालकांनी मुलं शेजारच्या जिल्ह्यात हलवली. माझ्या ओळखीची दोन मराठी घरंही त्यात होती. तोंडाने कुणी 'सोमाली' म्हणत नव्हतं, 'बसचा वेळ वाढतो' म्हणत होते. मुलाला सात मिनिटं जास्त बसमध्ये बसावं लागेल म्हणून माणसं घर विकायला निघाली होती.

तेव्हा 'वेगळं' म्हणणाऱ्यांची इथे रांग लागेल, फक्त त्यांची कारणं तुमच्यासारखी नसतील. मुलं मिसळली की शिकतात. मेन राज्यातलं लुईस्टन बघा. २००१ पासून सोमाली तिथे येऊ लागले. २००२ मध्ये महापौरांनी जाहीर पत्र लिहिलं की आता आणखी येऊ नका. आणि त्याच गावच्या हायस्कूलने २०१५ मध्ये फुटबॉलचं राज्य अजिंक्यपद जिंकलं. संघात बहुतेक सोमाली पोरं होती.

पाटीपेन्सिल

लुईस्टन येणार हे माहीत होतंच :) उत्तम गोष्ट आहे. पण फुटबॉलला वाचावं लागत नाही.

आणि नुसतं मिसळून काय होतं त्यासाठी सेंट क्लाउड बघा, तुमच्यापासून तासा-दीड तासावर. सोमाली मुलांना होणाऱ्या त्रासाच्या तक्रारींवरून २०११ मध्ये तिथल्या शाळांना केंद्राच्या शिक्षण खात्याशी करार करून सुधारणा मान्य कराव्या लागल्या. ओवाटोनातही त्याच वर्षी तसंच. तरीही मार्च २०१५ मध्ये सेंट क्लाउडच्या टेक हायस्कूलमधल्या सोमाली मुलांना वर्ग सोडून बाहेर येऊन निषेध करावा लागला. एका छताखाली होतीच की सगळी!

खडीसाखर

धागा वाचून थोडं विचित्र वाटलं. आम्ही १९९८ मध्ये आलो, माझी मुलगी तिसरीत होती. इंग्रजी यथातथा. कुणी वेगळा वर्ग दिला नाही की दुभाषी दिला नाही. सहा महिन्यांत पोपटासारखी बोलायला लागली. आपण घरी बसून अभ्यास घेतला, शनिवार-रविवार घेतला. हे लोक शनिवार-रविवार काय करतात? मुलांना कुराणाच्या शाळेत पाठवतात. पोरगं बिघडतंय असं वाटलं की उचलून नैरोबीला नातेवाइकांकडे. मग दीड वर्षाने परत आणतात आणि शाळेने जादू करावी अशी अपेक्षा. शिवाय कोविडच्या काळात मुलांच्या जेवणाच्या नावाखाली जो २५ कोटी डॉलरचा घोटाळा झाला आणि २०२२ मध्ये खटले भरले गेले, त्यात आरोपी कोण होते हेही बघा. कटू आहे पण बोललं पाहिजे.

पाटीपेन्सिल

खडीसाखर काकू, तुम्ही बोललात ते बरं झालं. कुजबूज बरीच असते.

घोटाळा केला मोठ्यांनी, त्यांना शिक्षा होऊ दे, होतेच आहे. हसनने कुणाचं जेवण खाल्लं नाही. विषय संपला.

तुमच्या मुलीचं आणि हसनचं सारखं नाही. ती तिसरीत आली तेव्हा दोन वर्षं मराठी किंवा सेमी शाळेत बसून आली होती. वाचता येत होतं. एका भाषेत वाचता आलं की दुसरीत नुसती लिपी आणि शब्द बदलायचे असतात. आणि तुम्ही अभ्यास घेतलात, कारण तुम्हाला घेता येत होता. सोमाली भाषेला अधिकृत लिपीच १९७२ मध्ये मिळाली, रोमन. १९७४-७५ मध्ये शहरातल्या शाळकरी पोरांना गुरंवाल्यांच्या वस्त्यांवर पाठवून लोकांना लिहायला शिकवलं. (किती सुंदर कल्पना! आमच्या शाळेतल्या एका आजीबाई त्या मोहिमेत शिकवायला गेल्या होत्या. अजून डोळे चमकतात सांगताना.) मग जेमतेम पंधरा-सोळा वर्षं गेली आणि देशच कोसळला. आज ज्यांनी आई-बाप म्हणून गृहपाठ घ्यायचा, त्यांची स्वतःची शाळा १९९१ ला बंद पडली.

दुग्सीबद्दल, म्हणजे कुराणाच्या शाळेबद्दल. मी पहिल्यांदा तुमच्यासारखंच म्हणायचे. पण हसनला पानंच्या पानं मुखोद्गत आहेत. लाकडी पाटीवर शाईने लिहायचं, पाठ झालं की धुऊन टाकायचं, पुढचं लिहायचं. आपले आजोबा पावकी-निमकी ज्या पद्धतीने शिकले तीच. ज्या मुलाला इतकं पाठांतर येतं त्याला 'मंद' कसं म्हणायचं? फक्त शाळा त्याला पाठांतर विचारतच नाही. ती विचारते, 'तुला काय वाटतं?' आणि हा प्रश्न त्याला आजवर कुठल्याच शिक्षकाने विचारलेला नाही.

नैरोबीचं मात्र तुम्ही खरं बोललात. 'धकन एलिस' म्हणतात त्याला, संस्कृतीकडे परत नेणं. दहावीतून गायब झालेला मुलगा अकरावीच्या मध्यावर उगवतो. मलाही ते पटत नाही. पण आई रात्रपाळीला आणि मुलगा रस्त्यावर, अशा घरात बसून विचार केला तर सुचतं तरी दुसरं काय?

बांधावरचा_मास्तर

मी बीड जिल्ह्यात शिक्षक आहे, अमेरिका पाहिलेली नाही. पण प्रश्न ओळखीचा वाटला म्हणून लिहितो. आमच्याकडे ऊसतोड सुरू झाली की मुलं आई-बापाबरोबर कारखान्यावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतात. दरवर्षी निम्मी शाळा बुडते. सहावीतल्या मुलाला जोडाक्षर वाचता येत नाही.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम ४ आहे. शाळेत कधीच न गेलेल्या किंवा मध्येच सुटलेल्या मुलाला वयाप्रमाणे वर्ग द्यायचा आणि बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यायचं. म्हणजे पाटीपेन्सिल ताईंचा प्रश्न कायद्याने सोडवला आहे, दोन्ही द्या म्हणून. प्रत्यक्षात वयाप्रमाणे वर्ग मिळतो, कारण तो एका सहीने देता येतो. प्रशिक्षणाला माणूस लागतो.

तरी मी ताईंच्या विरोधात आहे. बारा वर्षांच्या मुलाला मी एकदा, भल्यासाठीच, तिसरीत बसवला होता. चार दिवस आला. पाचव्या दिवशी ट्रॅक्टरवर दिसला. लाज फार मोठी गोष्ट असते. मिशा फुटलेल्या पोराला 'अ अननसाचा' नाही शिकवता येत सगळ्यांसमोर.

पाटीपेन्सिल

मास्तर, मी धाग्यात नीट लिहिलं नाही, चूक माझी. त्याला चौथीत बसवा असं म्हणत नाहीये. पंधरा-सोळाच्याच मुलांचा, पण नवागतांचा वर्ग. मिनियापोलिसमध्ये वेलस्टोन नावाचं असं हायस्कूलच आहे, खास नव्याने आलेल्यांसाठी. आणि मिनेसोटात एकविसाव्या वर्षापर्यंत शाळेत शिकता येतं, तेव्हा घाई नको. शाळा अर्धवट सुटलेल्या मुलांची व्याख्याही २०१४ च्या राज्य कायद्यात आहे: सहावीनंतर आलेला, निदान दोन वर्षं शाळा कमी झालेली, वाचन-गणितात तितकाच मागे. म्हणजे हसन कायद्याला दिसतो. तुमच्या कलम ४ सारखंच, पुढे घोडं अडतं.

मायबोलीची_लेक

मी ओहायोत, कोलंबसला असते. इथेही सोमाली वस्ती मोठी, मिनियापोलिसच्या खालोखाल. एक मुद्दा कुणीच काढला नाही म्हणून लिहिते. 'सोमाली मुलं' असं एकगठ्ठा काही नसतं.

सोमालियाच्या दक्षिणेत बांटू आहेत. गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज. शेतीवाले, आणि पशुपालक कुळांच्या लेखी खालचे. २००३-०४ पासून ते हजारोंनी अमेरिकेत आले. त्यांच्यातले कित्येक 'माय' नावाची वेगळी भाषा बोलतात. रेडिओवरची, पुस्तकातली सोमाली वेगळी. मी एका शाळेत स्वयंसेवक होते. पालकसभेला शाळेने कौतुकाने सोमाली दुभाषी आणला. एक बांटू आई अर्धा तास मान डोलावत राहिली. नंतर तिच्या मुलीने सांगितलं, तिला निम्मं कळलं नाही, आणि त्या बाईसमोर 'कळलं नाही' म्हणायचं नव्हतं. का नव्हतं ते आपल्याला, महाराष्ट्रातल्यांना, समजावून सांगायची गरज नसावी.

सेंट पॉलमध्ये २०२३ ला पूर्व आफ्रिकी संस्कृती-भाषांची सरकारी प्राथमिक शाळा सुरू झाली. चांगलंच आहे, तिथे सोमालीखेरीज इतर भाषाही आहेत. पण सोमालींसाठी वेगळं काही काढाल तेव्हा आधी ठरवा, कुठल्या सोमालींचं. वेगळ्या वर्गात वरचढ मूल वरचढच राहतं. उलट सरमिसळ वर्गात बांटू मुलीला कुणी 'तू कुठल्या कुळाची' म्हणून विचारत नाही.

उणे_तीस

+१. हा मुद्दा माझ्या डोक्यातही नव्हता.

अवांतर: नावांचा घोळ. सोमालींना आडनाव नसतं. स्वतःचं, वडिलांचं, आजोबांचं. शाळेचा संगणक तिसऱ्या नावाला आडनाव समजतो. मग बापाचं 'आडनाव' वेगळं, मुलाचं वेगळं, आईचं तर आणखीच वेगळं, कारण ती लग्नानंतर नाव बदलत नाही. आमच्या शेजाऱ्याला स्वतःच्या मुलाला शाळेतून घरी न्यायला तीन ओळखपत्रं दाखवावी लागली. माझं मधलं नाव वडिलांचं आहे हे त्याला सांगितलं तेव्हा म्हणाला, 'मग तुम्ही निम्मे सोमालीच.'

खडीसाखर

घोटाळ्याचं मी इथे आणायला नको होतं, मान्य. बाकी मतावर ठाम आहे. शाळा एवढं करते, घराने काय केलं ते कुणी सांगत नाही.

तो मुलगा सध्या बसतो कुठे?

पाटीपेन्सिल

सकाळचे दोन तास माझ्याकडे. बाकी दिवस नववीबरोबर, त्यातल्या जीवशास्त्रात शेवटच्या बाकावर. गणितात मात्र दुसऱ्या बाकावर, स्वतः जाऊन बसला.

काकू, घराने काय केलं ते सांगते. थोरल्या बहिणीने छावणीत त्याला सोमाली अक्षरं शिकवली होती. हे आम्हाला तीन आठवडे कळलंच नाही, कारण विचारलंच नव्हतं. सोमालीत रोमन 'सी' हे अक्षर घशातल्या 'अ' साठी वापरतात आणि 'एक्स' घशातल्या 'ह' साठी. अलीचं नाव 'सी'ने सुरू होतं, हसनचं 'एक्स'ने. तो 'कॅट' वाचताना घसा खरवडल्यासारखा आवाज काढायचा. आम्ही नोंद केली, 'अक्षरओळख नाही'. होती की! आमच्यापेक्षा वेगळी होती. दुभाषी बाईंनी ऐकलं आणि हसायलाच लागल्या.

आता समीकरणात 'एक्स काढा' म्हटलं की तो पुटपुटतो 'ह', आणि काढतो.

उणे_तीस

म्हणजे गणितात मिसळला की नाही?

पाटीपेन्सिल

गणितात. जीवशास्त्राचं पुढच्या सत्रात भांडू.