मदत हवी आहे: मातीच्या भिंतीवर रंगीत गोळ्यांची खुंटी टिकेल का?

मंडळी, चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन जोडप्यानं १९५३ मध्ये मुलांसाठी एक भारी खुंटी काढली होती. वाकवलेली तार अन् टोकांना रंगीबेरंगी लाकडी गोळे. पोट्ट्यांनी हौसेनं कपडे टांगावे म्हणून. आमचे दोघं तर दप्तर थेट चुलीजवळ फेकतात!

तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी करणारे सुतारकाका गोळे करून देतो म्हणाले. तार गावातला वेल्डिंगवाला वाकवेल. अडचण भिंतीची. माती अन् शेणाचं सारवण, खिळा ठोकला की पोपडाच हातात येतो. वरच्या लाकडी वाशाला सागाची फळी टांगून तिच्यावर खुंटी बसवली तर दोन भरलेली दप्तरं पेलेल का? कोणी केलंय असं? अन् रंग कोणता द्यावा? मागच्या नंदीचा रंग हातालाच लागत होता जी.