ज्याची त्याची नीती? या विधानाला माझी हरकत

पंचवटीकर :
'नीती स्थळकाळानुसार बदलते, म्हणून प्रत्येकाने आपापल्या मूल्यांनी जगावे आणि दुसऱ्याला जोखू नये,' असे सिडकोवासी यांनी काल लिहिले. नाशिकमध्ये राहून असे लिहावे, याचा मला संताप आला. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा अस्पृश्यांसाठी दरवाजे बंद करणारेही आपल्या मूल्यांनीच जगत होते. त्यांची रूढी त्यांच्यापुरती खरी मानायची, तर रामनवमीच्या रथाच्या वेळी सत्याग्रहींनी दगड कशासाठी झेलले?

सिडकोवासी :
उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. या सत्याग्रहातले नाशिकचे पुढारी दादासाहेब गायकवाड गावाच्या नीतीने चालले नाहीत. स्वतःच्या विवेकाने चालले.

पंचवटीकर :
विवेकाने चालले, पण 'हे आमच्यापुरते खरे' असे म्हणून घरी बसले नाहीत. समोरच्याचे वागणे अन्यायाचे आहे आणि ते त्याने सोडलेच पाहिजे, ही त्यांची मागणी होती.

निफाडचा बागायतदार :
दूरचे कशाला? गेल्या हंगामात एका व्यापाऱ्याने माझी द्राक्षे तोडून नेली आणि दिलेला धनादेश वटला नाही. 'धंद्यात असे चालतेच' असे त्याने मला तोंडावर ऐकवले. वर्षभर औषधफवारणी, मजुरी, सोसायटीचे कर्ज सांभाळणाऱ्याने त्याची ही मूल्ये समजून घ्यायची का?

गंगापूररोड :
रोख हातात आल्याशिवाय माल तोडू द्यायचाच नव्हता.

निफाडचा बागायतदार :
तयार घडांवर अवकाळीचे ढग जमलेले असताना रोखीचा व्यापारी शोधत बसायला सांगणाऱ्याने आधी एक हंगाम बाग करून पाहावी. फसवले त्याने आणि हिशेब माझ्याकडे मागता?

सिडकोवासी :
हा कायद्याचा प्रश्न आहे. धनादेश न वटणे हा गुन्हा ठरवणारे कलम १३८ त्यासाठीच आहे.

निफाडचा बागायतदार :
खटला भरलाच आहे, तारखाही पडत आहेत. परंतु कलम नसते, तर त्याचे वागणे योग्य ठरले असते का, एवढेच सांगा.

सिडकोवासी :
नसते ठरले. व्यापाऱ्यापुरते माझे विधान टिकत नाही, हे नाइलाजाने मान्य करतो. तरीही कोणी काय खावे, कोणाशी लग्न करावे, यात लोकांनी नाक खुपसू नये, यावर मी ठाम आहे.

पंचवटीकर :
त्यावर मीही ठाम आहे. मात्र मुलीने जातीबाहेर लग्न केले म्हणून तिच्या घराला वाळीत टाकणारेसुद्धा 'ही आमची मूल्ये' असेच म्हणतात. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, तो त्यांना जोखूनच. दुसऱ्याला जोखायचेच नसेल, तर त्यांना तुम्ही कोणत्या आधारावर थांबवणार?