लक्षात राहिलेला पक्षी: कोंबडी, बदक, लावा, काय असेल ते सांगा

निखारा

काल संध्याकाळी कपडे वाळत घालायला बाल्कनीत गेले तर खालून धूर. आधी वाटलं कुणाचं तरी काहीतरी करपलं, मग तो वास आला. चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडला की येतो ना तो. मी हातात ओला टॉवेल घेऊन पाच मिनिटं तशीच उभी.

आमचे बाबा गच्चीवर चार विटा मांडायचे, वर जुन्या फ्रिजची जाळी, आणि एक अख्खी कोंबडी पाठीच्या बाजूने चिरून पुस्तकासारखी उघडून त्यावर. मसाला फार नाही, मीठ मिरी लसूण लिंबू. भाजायला तास तरी जायचा आणि तेवढ्या वेळात ते कुणालाही चिमट्याला हात लावू द्यायचे नाहीत. झालं की ताटात काढायच्या आधी पाठीचा भाग आपल्याकडे वळवून अंगठ्याने काहीतरी खरवडायचे आणि गुपचूप माझ्या तोंडात घालायचे. दुसरा तुकडा दादाच्या. कण्याच्या दोन्ही बाजूंना, मांडी जोडते तिथल्या खळग्यात दोन लुसलुशीत गोळे असतात, ते. मला कितीतरी वर्षं वाटायचं की हे फक्त आमच्याच कोंबडीत असतं. नंतर कळलं की फ्रेंचमध्ये त्याला 'सो-ली-लेस' म्हणतात, म्हणजे मूर्ख माणूसच हे तिथे सोडून देईल.

तर तुमचं सांगा. घरी भाजलेलं, हॉटेलात खाल्लेलं, फसलेलं, काहीही.

अर्धवटशेफ

फसलेलं म्हणालात म्हणून आलो. नवीन ग्रिल, आठ पाहुणे, मी अॅप्रन वगैरे घालून. सगळे लेग पीस धडधडत्या जाळावर टाकले कारण फोटोत ज्वाळा छान दिसतात. दहा मिनिटांत बाहेरून असा रंग की सगळे वाहवा करायला लागले. पहिला घास मेव्हण्याने घेतला आणि थांबला, नुसता थांबला, चावेना. हाडाजवळ गुलाबी पाणी. मग सगळ्यांच्या ताटातले पीस गोळा करून आत नेऊन कुकरला लावले. तीन शिट्ट्या. ग्रिल पार्टीत कुकरची शिट्टी वाजलेली ऐकलीय का कुणी? मी ऐकलीय, आणि त्या आठही जणांनी. सहा वर्षं झाली अजून फोन उचलला की मेव्हणा आधी शिट्टी मारतो.

आता कोळसे एका बाजूलाच लावतो, दुसरी बाजू मोकळी. पीस मोकळ्या बाजूला झाकण ठेवून शिजू द्यायचे आणि शेवटची पाच मिनिटं फक्त जाळावर सालीचा रंग आणायला. आणि थर्मामीटर. मांडीच्या जाड भागात हाडाला न टेकवता ७४ डिग्री दाखवलं की खा बिनधास्त. रंगावर जाऊ नका, रंगानेच घात केला माझा.

मूकवाचक_७

कुकर 😂😂 आमच्याकडे मायक्रोवेव्ह होता फक्त

सुगरण_नाही

मी हॉटेलातलं सांगते. लग्न ठरायच्या आधी दोन्ही घरं जेवायला भेटली, चांगलं पांढऱ्या टेबलक्लॉथवालं ठिकाण. मला कळेना काय मागवावं म्हणून मेनूत जे नाव सगळ्यात लहान दिसलं ते सांगितलं, लावा. मला वाटलं पीस येतील. आला अख्खा पक्षी, पाय दुमडून बसलेला, भाजलेला, माझ्या मुठीएवढा. अख्ख्याचं वजन दीड-दोनशे ग्रॅम, त्यात हाडं किती आणि खायचं किती. सगळे काटा-चमचा घेऊन बसलेले म्हणून मीही सुरी टेकवली आणि जरा जोर दिला तर तो उडाला हो. मेल्यावर. ताटातून थेट होणाऱ्या सासऱ्यांच्या पाण्याच्या ग्लासला धडक.

सगळे गप्प. सासूबाई (तेव्हा काकू) शांतपणे उठल्या, त्याला उचलून माझ्या ताटात ठेवला आणि म्हणाल्या, अगं हाताने खा, हा हातानेच खायचा असतो, आणि स्वतःचा काटा खाली ठेवून त्यांनी पण हाताने खायला सुरुवात केली. मी तिथेच हो म्हणून टाकलं मनात. नवऱ्याचं नंतर बघितलं.

निखारा

सुगरण_नाही, 'नवऱ्याचं नंतर बघितलं' 😂 सासूबाईंना नमस्कार सांगा.

चिकित्सक

छान आठवण निखाराताई, पण एक सांगायलाच हवं, फ्रिजची जुनी जाळी कृपया कुणी वापरू नका. त्याला जस्ताचा किंवा कॅडमियमचा मुलामा असू शकतो आणि तापल्यावर त्याचा धूर विषारी. स्टीलची जाळी घ्या.

निखारा

आता काय उपयोग दादा, खाल्ली की पंधरा वर्षं. पण बरोबर आहे, बाकीच्यांनी लक्षात ठेवा.

एकबदकी

बदक. मी पहिल्यांदा आणलं तेव्हा कोंबडीसारखंच समजून तवा कडकडीत तापवला, वर तेल घातलं आणि ब्रेस्टचा तुकडा सालीकडून सोडला. बदकाला सालीखाली आधीच बोटभर चरबी असते हे कुणी सांगितलं नव्हतं. तेल प्लस चरबी, शेगडीवर सगळीकडे उडालं, एक थेंब बर्नरमध्ये गेला आणि भस्सकन जाळ. विझवलं झाकण टाकून. मग कापलं तर आत लालभडक, म्हणून परत टाकलं, परत कापलं, परत लाल, असं करत करत शेवटी चपलेचा तळवा झाला.

नंतर एका ओळखीच्या कुकने समजावलं. सालीवर सुरीने चौकटी पाडायच्या, मांसापर्यंत न जाता. मीठ. थंड तव्यात साल खाली करून ठेवायचं, तेल शून्य, आणि मग बारीक गॅस. दहा-बारा मिनिटं हात लावायचा नाही. चरबी हळूहळू सुटते आणि साल तिच्यातच तळली जाते, पापडासारखी वाजते. आणि मांस लाल असतं कारण बदक लांब उडणारा पक्षी, छातीचे स्नायू सतत राबणारे, त्यात मायोग्लोबिन, म्हणजे स्नायूत ऑक्सिजन साठवणारं लाल प्रथिन, भरपूर. कोंबडी फारशी उडत नाही म्हणून तिची छाती पांढरी आणि चालून चालून तंगडी काळपट. हे समजलं आणि मला एकदम शाळेतली बाई आठवली जी म्हणायची अवयव वापरा नाहीतर पांढरे पडतील 😀

सुटलेली चरबी गाळून बरणीत भरून फ्रिजमध्ये. त्यात बटाटे भाजा एकदा.

पॅरिसच्या तूर दार्जां रेस्टॉरंटमध्ये १८९० पासून प्रत्येक बदकाला नंबर देतात, २००३ मध्ये दहा लाखावं झालं म्हणे. आमच्या घरी ती मालिका क्रमांक १ वर बरीच वर्षं अडकली होती, बायको दुसरं आणू देईना.

शाकाहारी_पाहुणा

मी खात नाही पण मित्रांच्या प्रत्येक ग्रिल पार्टीत मला पुठ्ठ्याने वारा घालायला बसवतात कारण 'तू खाणार नाहीस तर तू निवांत आहेस ना'. वीस वर्षांचा अनुभव आहे वारा घालायचा. कोळशावर पांढरी राख धरल्याशिवाय काही टाकू नका आणि चरबी पेटली तर पाणी मारू नका, पीस बाजूला सरकवा. एवढंच माझं योगदान. आणि माझं पनीर कायम त्यांच्या चिमट्याने उलटतात 😐

अर्धवटशेफ

पाहुणे, तुम्ही आमच्याकडे या, वेगळा चिमटा देतो. वारा घालायला माणूस हवाच आहे.

थंडगोळा

टर्की. सहा किलोची, दगड. फ्रीझरमधून आदल्या रात्री काढली, सकाळपर्यंत होईल मऊ म्हणून. सकाळी पोटात हात घातला तर हात आत जाईना, आत बर्फ. नंतर वाचलं की फ्रिजमध्ये दर दोन-सव्वादोन किलोला पूर्ण एक दिवस लागतो, म्हणजे मला तीन दिवस आधी काढायला हवी होती. मग थंड पाण्यात बुडवली, दर अर्ध्या तासाने पाणी बदल, ताई हेअर ड्रायर घेऊन आली तिला हाकललं. जेवण दुपारी एकचं होतं, बसलो रात्री पावणेअकराला. आणि कापायला घेतली तर मानेकडच्या पोकळीतून निघाली एक प्लास्टिकची पिशवी, त्यात कलेजी आणि मान नीट पॅक करून ठेवलेली. भाजून निघालेली प्लास्टिकसकट. सगळी टाकून दिली आणि आम्ही आम्लेट खाल्लं. तेही पक्ष्याचंच म्हणा.

किचनकाकू

अरे देवा. पिशवी आधी काढायची असते रे बाळा.

बाकी सगळे चिकन धुता की नाही? मी तर तीन पाण्याने धुते.

चिकित्सक

काकू धुऊ नका. कच्च्या चिकनवर कॅम्पायलोबॅक्टर, साल्मोनेला असतात, नळाखाली धरलं की शिंतोड्यांबरोबर सिंकभर, ओट्यावर, शेजारच्या कोशिंबिरीवर जातात. जंतू पाण्याने जात नाहीत, शिजवून मरतात. पेपर टॉवेलने टिपून घ्या आणि हात धुवा.

किचनकाकू

चाळीस वर्षं धुतेय, कुणी मेलं नाही आमच्याकडे.

मधलीसून

धुण्यावरून आठवलं. मी कुठेतरी वाचून कोंबडीला आतून बाहेरून मीठ चोळून फ्रिजमध्ये रात्रभर उघडीच ठेवली होती. मीठ आधी पाणी बाहेर काढतं, मग तेच खारट पाणी मांसात परत मुरतं आणि वरची साल कोरडी होते, भाजल्यावर अशी कुरकुरीत होते ना. सकाळी बघितलं तर साल अगदी कागदासारखी झालेली, मी खूश. अंघोळ करून आले तर सासरे सिंकपाशी उभे, बाह्या सरसावून, नळ सोडलेला, कोंबडी हातात. म्हणाले, अगं रात्री झाकायची विसरलीस, मीठ पण जास्त पडलं होतं, धुऊन काढलं बघ स्वच्छ. इतकं कौतुकाने सांगत होते. मी काय बोलणार, म्हटलं बरं झालं बाबा. संध्याकाळी रस्सा केला.

किचनकाकू

बघा, सासरे शहाणे.

धाकटा_भाऊ

उद्या गीझरवाला येणार आहे का, किल्ली शेजारी ठेवू का

धाकटा_भाऊ

सॉरी सॉरी चुकून इथे

छर्रा

मी एकदाच फेझंट, म्हणजे कोंबडीच्या जातकुळीतला रानपक्षी, खाल्लाय, परदेशात, जिथे शिकारीला सीझनपुरती परवानगी असते तिथे. मेनूच्या खाली बारीक अक्षरात लिहिलेलं की छर्रे असू शकतात. मला वाटलं विनोद आहे. तिसऱ्या घासाला कडाक. मोहरीएवढा छर्रा आणि माझ्या दाढेचा टवका, दोन्ही शेजारी शेजारी ताटात. वेटरने अभिनंदन केलं, खरंच, म्हणाला शुभ असतं. दाढेचं बिल त्याला पाठवायला हवं होतं.

चव पण सांगतो, छाती अगदी कमी चरबीची, जरा जास्त झाली की भुसा, म्हणून वर बेकनच्या पट्ट्या गुंडाळून भाजलेली होती. पायात मात्र काड्यांसारखे कडक टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारे दोर, ते चावायच्या भानगडीत पडू नये. आणि जंगली पक्षी मारल्यावर काही दिवस थंड जागी तसाच टांगून ठेवतात, त्याने तो मऊ होतो आणि वासही चढतो. मला वास आवडला. बरोबरच्याने ताट सरकवलं.

मूकवाचक_७

दाढ बरी आहे का आता

छर्रा

कॅप आहे. थंड लागलं की फेझंट आठवतो.

मानेची_मुलगी

आमच्या आईचं सांगते. ती कायम मान घ्यायची. कोंबडी केली की तंगड्या आम्हा दोघींना, छाती बाबांना, आणि ती म्हणायची मला मानच आवडते. मोठं झाल्यावर आम्हाला साक्षात्कार झाला की अरे, आईने आयुष्यभर त्याग केला. दोघी रडलो फोनवर. मग तिच्या साठीला मी अख्खी कोंबडी भाजली आणि समारंभपूर्वक दोन्ही तंगड्या तिच्या ताटात ठेवल्या. तिने इकडे बघितलं तिकडे बघितलं, म्हणाली मान कुठाय? मी म्हटलं आई आता पुरे, तू तंगडी खा. तर म्हणाली, अगं तंगडीत काय असतं नुसतं मांस, मानेला चोखायला मजा येते, टाकली की काय तुम्ही?

टाकली होती. कसाईकडेच. दोन दिवस नीट बोलली नाही.

निखारा

मानेची_मुलगी 😂😂 अगं आधी विचारायचं ना. मी हे आत्ता आईला वाचून दाखवलं तर ती म्हणते बरोबरच आहे तिचं.

आणि मग तिनेच सांगितलं की बाबांना स्वतःला ते पाठीचे तुकडे भयंकर आवडायचे. मला माहीतच नव्हतं. आम्ही दोघं शाळेच्या सहलीला गेलो होतो तेव्हा एकदा त्यांनी दोन्ही खाल्ले आणि आल्यावर आम्हाला सांगितलं की या कोंबडीला नव्हतेच. म्हणजे ते ऐकून मी विश्वास ठेवला होता हो!

एकबदकी

बाबा भारी होते. ताई, तुमच्या त्या खालच्या मजल्यावरच्यांना विचारा ते पाठीचं काय करतात. टाकत असतील तर मागून घ्या.

निखारा

त्यांच्याशी ओळख नाही. आणि काल त्या ओल्या टॉवेलचं पाणी त्यांच्या जाळीवर टपकलंय बहुतेक, चर्र आवाज आला आणि मी आत पळाले.

शाकाहारी_पाहुणा

म्हटलं ना पाणी मारू नका

थंडगोळा

अर्धवटशेफ, त्या थर्मामीटरला सेल कुठला लागतो? माझा बंद पडलाय आणि रविवारी परत लोक येतायत.

अर्धवटशेफ

बटण सेल, मागचं झाकण काढून नंबर बघ. टर्की करतोयस का परत? आज काढ बाहेर, आजच.